फॉस्टॅकचं सर्टिफिकेट, इन्स्पेक्शन आणि दुपारी साडेतीनचं किचन

आधी तुझा प्रश्न मला जसा समजला तसा सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नागपुरात सदरला 60 सीटचं फॅमिली रेस्टॉरंट, तू कॅप्टनचा नुकताच मॅनेजर झालास, किचन अन् फ्लोअर मिळून 23 लोक. बाजूच्या हॉटेलात अन्न व औषध प्रशासनाचं इन्स्पेक्शन झालं तेव्हापासून मालक मागे लागलेत की फॉस्टॅकचा फूड सेफ्टी कोर्स करून टाक. तुला विचारायचंय की कोर्समध्ये काय शिकवतात, इन्स्पेक्टर नेमकं काय पाहतो, नोटीस आली की हॉटेल बंद होतं का, आणि शेवटी थोडं लाजत लाजत विचारलंय की साहेबांना चहापाणी, जेवण विचारायचं का. वय 26 लिहिलंय, ताई म्हणालास, म्हणून सरळ तू म्हणते.

माझं थोडक्यात सांगायचं तर इथल्या एलआयटी कॉलेजातून फूड टेक्नॉलॉजी, मग 11 वर्षं हॉटेलांच्या किचनमध्ये, आणि त्यानंतर आजपर्यंत ट्रेनिंग अन् ऑडिट. नागपूरबाहेर फारशी गेले नाही, त्यामुळे जे सांगते ते इथल्या उन्हाचं, इथल्या रस्स्याचं अन् इथल्या उस्तादांचं, म्हणजे मुख्य आचाऱ्यांचं आहे.

कोर्सचं आधी उरकते. फॉस्टॅक म्हणजे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा ट्रेनिंग कार्यक्रम, 2017 साली सुरू झाला. नियम असा की दर 25 फूड हँडलरमागे निदान एक ट्रेन केलेला फूड सेफ्टी सुपरवायझर पाहिजे. तुमचे 23, म्हणजे कागदावर एक पुरतो. पण तू आठवड्यातून एक दिवस सुट्टी घेशील ना, गावी लग्नाला जाशील ना, त्या दिवशी किचन कोण पाहणार? म्हणून माझं म्हणणं दोघांना पाठव, एक तू आणि दुसरा किचनमधलाच, शक्यतो कॉन्टिनेंटल किंवा तंदूरवाला एखादा तरुण कारागीर ज्याला वाचायलिहायचा कंटाळा नाही. कॅटरिंगचा ॲडव्हान्स कोर्स घे, एका दिवसाचा असतो, शेवटी परीक्षा, सर्टिफिकेट 2 वर्षं चालतं, मग परत करावं लागतं. शिकवतात काय तर हात धुणं, तापमान, कच्चं पक्कं वेगळं, ॲलर्जी, पेस्ट कंट्रोल, कायद्यातलं शेड्यूल 4 म्हणजे स्वच्छतेचे नियम, रेकॉर्ड कसे ठेवायचे. चांगला ट्रेनर मिळाला तर दिवस मस्त जातो, नाही मिळाला तर स्लाइड वाचून दाखवतात आणि संध्याकाळी तुला फोटो काढायला उभं करतात. तरी जा, कारण ते सर्टिफिकेट चेकलिस्टमध्ये विचारतातच.

आता खरा मुद्दा. लोक इन्स्पेक्शनची तयारी म्हणजे साफसफाई समजतात. टाइल्स घासा, टोप्या आणा, ग्लोव्हजचा बॉक्स दिसेल असा ठेवा. हे सगळं पाहिजेच, मी नाही म्हणत नाही. पण इतक्या वर्षांत मी जी किचनं पाहिली त्यात लोकांना खरोखर आजारी पाडणारी चूक बहुतेक वेळा चकाचक स्टीलच्या गंजातच, म्हणजे मोठ्या पातेल्यातच सापडली, अन् ती होते दुपारी साडेतीनला. लंच संपलेलं असतं, उस्ताद झोपलेले असतात, पोरं मोबाइल पाहत असतात, आणि गॅसशेजारी 40 लिटरचा ग्रेव्हीचा गंज झाकण लावून तसाच असतो, रात्रीसाठी. मी ऑडिटला नेहमी त्याच वेळेला जाते. मॅनेजर म्हणतो मॅडम, किचन तर आत्ता बंद आहे, अन् मी म्हणते म्हणूनच आले.

ते का हे नीट समजून घे, कारण कोर्समध्ये हे एका स्लाइडमध्ये संपवतात. अन्न शिजवलं की जिवंत जंतू मरतात हे खरं, पण काही जंतूंची बीजं असतात, स्पोअर म्हणतात, ती उकळूनही मरत नाहीत. मटणाच्या रस्स्यात, डाळीत, मोठ्या गंजातल्या ग्रेव्हीत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा प्राणी असतो, भातात बॅसिलस सेरियस. उकळल्यामुळे गंजातला ऑक्सिजन निघून जातो आणि परफ्रिंजन्सला नेमकं तेच पाहिजे असतं. मग रस्सा हळूहळू थंड होत जातो आणि तो जंतू सगळ्यात जोरात वाढतो 43 ते 47 डिग्रीच्या आसपास, दर दहाएक मिनिटांत दुप्पट. आता तूच पाहा, मे महिन्यात आपल्या नागपूरचं तापमान पेपरात किती छापून येतं? म्हणजे बाहेर ठेवलेला गंज त्या तापमानाच्या खाली जाणारच नाही, अन् भट्टीशेजारी तर विचारूच नको. पुण्यामुंबईचा ट्रेनर सांगतो की रूम टेम्परेचरला ठेवू नका. बापा, आमचं रूम टेम्परेचर म्हणजे त्या जंतूचं माहेर आहे.

त्यात आपला सावजी रस्सा. वर बोटभर तर्री. दिसायला सुंदर, पण ती तर्री म्हणजे गंजावर टाकलेली गोधडी असते, वाफ बाहेर पडू देत नाही, आतली उष्णता आतच राहते. साध्या वरणापेक्षा तर्रीवाला रस्सा जास्त वेळ गरम राहतो, हे मी थर्मामीटर घालून पाहिलंय.

माझीच गोष्ट सांगते. किचनमध्ये लागून तिसरं वर्ष असेल, वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात होते, रात्री अकराला बँक्वेटचा उरलेला मटण रस्सा, मोठा गंज, मी म्हटलं फेकू नका, वॉकइनमध्ये, म्हणजे खोलीएवढ्या फ्रिजमध्ये ठेवा. ठेवला. झाकणासकट, गरमागरम. मला वाटलं फ्रिजमध्ये गेला म्हणजे सुटलो. सकाळी आठला सहज मधोमध थर्मामीटर टाकला तर 38 डिग्री! रात्रभर फ्रिजमध्ये राहून. आणि बाजूला ठेवलेलं दही, पनीर, मॅरिनेट केलेलं चिकन, सगळं त्या गंजाने गरम करून ठेवलेलं. आणि मी काय केलं, फेकला का? नाही. उकळी आणून स्टाफला वाढला, वास तर काही येत नव्हता. त्या रात्री 9 मुलांना जुलाब. परफ्रिंजन्सचा त्रास जेवणानंतर 8 ते 16 तासांनी येतो, ताप सहसा नसतो, पोटात मुरडा अन् जुलाब, दिवसभरात माणूस बरा होतो, म्हणून कोणी हॉटेलात तक्रार करायला येतच नाही, त्याला वाटतं सकाळी खाल्लेल्या पोह्यांनी झालं. नीट उकळलं तर परफ्रिंजन्स मरतो, आम्ही वरवर उकळी आणून उतरवला होता, तळाचा गाळ तसाच. अन् भातातल्या सेरियसने किंवा हातावरच्या स्टॅफिलोकॉकस जंतूने आधीच विष तयार करून ठेवलं असेल तर कितीही उकळ, ते विष मरत नाही. म्हणून "गरम करून घेतलं ना" हे वाक्य माझ्यासमोर कोणी बोललं की मला ते 9 चेहरे आठवतात.

तर करायचं काय. गॅस बंद झाला की रस्सा पसरट ट्रेमध्ये काढ, थर दोन तीन इंचांच्या वर नको, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेव, पळीने हलवत राहा. 60 वरून 21 डिग्रीवर 2 तासांत आणि तिथून 5 वर पुढच्या 4 तासांत आलं पाहिजे, मी हाच हिशोब शिकवते. सरकारी चेकलिस्टमध्ये तर लिहिलंय की जोखमीचं अन्न छोट्या भागांत करून एक दोन तासांत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. ट्रे नसतील तर पराती चालतील, घरचीच वस्तू आहे. बर्फ मात्र पाहून घे, फॅक्टरीचा न खायचा बर्फ निळसर रंगाचा असतो, तो भांड्याच्या बाहेरून थंड करायला ठीक, रस्स्यात तुकडा पडला की गेला रस्सा. आणखी एक युक्ती, पाण्याच्या बाटल्या धुऊन भरून डीप फ्रीझरमध्ये ठेव आणि त्या बाहेरून स्वच्छ करून रस्स्यात बुडवून हलव. उस्ताद हसतील. हसू दे. माझेही हसले होते, नंतर तेच दुसऱ्या हॉटेलात जाऊन हे शिकवत होते.

उस्तादांवरून आठवलं, थर्मामीटर. टोकदार प्रोबचा डिजिटल घे, एका फॅमिली टेबलच्या बिलाइतकाही खर्च नाही. बर्फ अन् पाण्याच्या काल्यात बुडवून 0 दाखवतो का हे आठवड्याला तपास. नॉनव्हेजच्या मधोमध 75 डिग्री 15 सेकंद, किंवा 70 वर 2 मिनिटं. परत गरम करताना मधोमध 75, निदान 2 मिनिटं, आणि घट्ट झालं म्हणून वरून गरम पाणी ओतून काम भागवायचं नाही. वाढायला गरम ठेवलेलं 65 च्या खाली नको, थंड 5 च्या वर नको, फ्रोझन उणे 18. हे आकडे भिंतीवर मराठीत आणि हिंदीत लिहून लाव, कारण किचनमधला निम्मा स्टाफ बालाघाट, छिंदवाड्याकडचा असतो.

एप्रिल ते जूनमध्ये आणखी एक काळजी. फ्रिजचा आकडा आणि आतल्या अन्नाचा आकडा वेगळा असतो. बाहेरचा डिस्प्ले 4 दाखवतो, आत पनीर 11. दाराचं रबर फाटलेलं, कॉइलवर पिठाची अन् तेलाची साय, त्यात दर दोन मिनिटांनी कोल्ड्रिंकसाठी दार उघड बंद. कोल्ड्रिंक अन् पाण्याच्या बाटल्या वेगळ्या फ्रिजमध्ये टाक, अर्धा प्रॉब्लेम तिथेच जाईल.

आता इन्स्पेक्टर काय पाहतो. फूड सेफ्टी ऑफिसर म्हणतात त्यांना, तारीख सांगून येतीलच असं नाही. कॅटरिंगची एक छापील चेकलिस्ट आहे, एकूण 114 मार्कांची, 100 ते 114 ए प्लस, 91 ते 99 ए, 80 ते 90 म्हणजे सुधारणा पाहिजे, 80 च्या खाली ग्रेडच नाही. काही प्रश्नांपुढे चांदणीची खूण असते, त्यांना जास्त मार्क आणि त्यातला एक जरी हुकला तरी नॉन कम्प्लायन्स, म्हणजे नियम पाळले नाहीत असा शेरा होऊ शकतो. ती चेकलिस्ट एफएसएसएआयच्या साइटवर फुकट मिळते, प्रिंट काढ, आणि उद्या साडेतीनला स्वतःच हातात घेऊन आपल्याच किचनमध्ये अनोळखी माणसासारखा फिर. स्वतःला मार्क देताना दया करू नको.

कागदांमध्ये लायसन्सची कॉपी दर्शनी जागी, बिलावर 14 आकडी नंबर (2022 पासून सक्तीचा आहे), पाण्याचा लॅब रिपोर्ट, टाकी धुतल्याची तारीख, पेस्ट कंट्रोलचं रेकॉर्ड, सगळ्या स्टाफचं वर्षाचं मेडिकल आणि टायफॉइडची लस, पनीर खव्याची पक्की बिलं. बिलं हा नागपुरात दुखरा विषय आहे, सकाळी स्कूटरवर डबा येतो, कॅश जाते, बिल नाही. उद्या पनीरचं सॅम्पल फेल झालं तर तो स्कूटरवाला कुठे शोधणार, मग सगळं तुमच्यावर. बिल न देणाऱ्याकडून दूध पनीर घेऊच नको, दोन रुपये महाग पडू दे.

अन् ते तापमानाचं रजिस्टर! एका ठिकाणी मी रजिस्टर उघडलं तर महिनाभर सकाळ संध्याकाळ 4, 4, 4, 4, सगळं एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात, आणि दुसऱ्या दिवसाचाही आकडा भरलेला. मी म्हटलं उद्या फ्रिज बिघडणार नाही हे तुम्हाला कसं कळलं जी? असं रजिस्टर असण्यापेक्षा नसलेलं बरं, कारण ते पाहून समोरच्याचा बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो. खरं रजिस्टर घाणेरडं दिसतं. त्यात कधी 9 असतं, पुढे लिहिलेलं असतं "दार उघडं राहिलं, पनीर फेकलं, मेकॅनिकला फोन केला". असं पान दिसलं की मी स्वतः तरी मार्क वाढवते.

स्टाफच्या आजारपणाबद्दल कोर्समध्ये सांगतात की जुलाब उलट्या असलेल्या माणसाला अन्नाला हात लावू देऊ नका. बरोबर आहे, पण तो सांगेल का तुला? सुट्टी घेतली की पगार कापला जातो, मग तो गोळी खाऊन कामावर येतो आणि सॅलड कापतो. मालकाशी बोलून महिन्याला दोन आजारपणाच्या सुट्ट्या पगारी करून घे, किंवा त्या दिवशी त्याला किचनबाहेरचं काम दे. तुला हे ट्रेनिंगपेक्षा जड जाईल, कारण इथे मालकाचे पैसे लागतात. पण एका टायफॉइडवाल्या पोराने काय होतं हे मी जवळून पाहिलंय, त्यामुळे या बाबतीत मी मालकांशी भांडते. बोटाला कापलं तर रंगीत बँडेड अन् वरून ग्लोव्ह, चामडीच्या रंगाची पट्टी पुलावात पडली तर सापडत नाही.

तळणाचं तेल. टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल परत परत तापवून त्यात तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, जुलै 2018 पासूनचा नियम आहे. ते मोजायचं मीटर महाग असतं, छोट्या हॉटेलात नसतं, मग टेस्ट स्ट्रिप वापर, आणि तेल काळं पडलं, फेस बसेना, धूर लवकर यायला लागला की वाट पाहू नको. जुन्यात नवीन ओतणं बंद. रोज 50 लिटरच्या वर तेल लागत असेल तर त्याचं रेकॉर्डही ठेवावं लागतं, तुमचं बहुतेक तेवढं नसेल. तंदुरी, मंचुरियन, बिर्याणीत सिंथेटिक रंग चालत नाही, काश्मिरी मिरची अन् हळदीवर भागव. वर्तमानपत्रावर भजी, सांबारवडी (कोथिंबिरीची) निथळत ठेवायची नाही, शाई तेलात उतरते. एवढंच.

सॅम्पल घेतलं तर घाबरायचं नाही, अडवायचं तर अजिबात नाही. त्यांना आत यायचा, पाहायचा, सॅम्पल घ्यायचा कायद्याने अधिकार आहे. आधी ओळखपत्र नम्रपणे मागून पाहा, यात कोणी खरा ऑफिसर रागावत नाही, आणि तोतये फिरतात म्हणून पाहायलाच हवं. सॅम्पलचे ते पैसे देतात, जो गिऱ्हाइकाला भाव तोच. सॅम्पलचे चार भाग करून सील करतात, त्यातला एक भाग मान्यताप्राप्त लॅबला पाठवा असं तू मागू शकतोस, खर्च आपला, अन् हे बहुतेक मॅनेजरांना माहीतच नसतं. लॅबचा रिपोर्ट साधारण 14 दिवसांत येतो, मान्य नसेल तर 30 दिवसांत अपील. फॉर्मवर सही करण्याआधी वाच, वेळ अन् वस्तूचं नाव बरोबर लिहिलंय का पाहा, कॉपी घे. उस्तादाला सांगून ठेव की साहेबांनी काही विचारलं तर माहीत असेल ते सांगायचं, माहीत नसेल तर मॅनेजरला बोलवायचं, गोष्टी रचायच्या नाहीत.

नोटीस आली म्हणजे टाळं, असं नाही. कलम 32 ची सुधारणा नोटीस असते, त्यात काय चुकलं, काय करायचं आणि मुदत लिहिलेली असते, मुदत 14 दिवसांपेक्षा कमी नसते. त्या मुदतीत केलं, फोटो आणि बिलांसकट लेखी उत्तर दिलं, पोच घेतली, की बहुतेक तिथेच मिटतं. नाही केलं तर लायसन्स आधी सस्पेंड अन् तरीही नाही सुधारलं तर रद्द होऊ शकतं. लोकांच्या जिवाला थेट धोका दिसला तर तातडीच्या बंदीची तरतूद वेगळी आहे. अस्वच्छतेसाठी दंड 1 लाखापर्यंत. मी जे पाहिलं त्यात हॉटेलं अडकतात ती नोटिशीने कमी अन् नोटीस ड्रॉवरमध्ये टाकून विसरल्याने जास्त. मालक म्हणतात "पाहू ना जी", अन् पाहणं राहूनच जातं. ती नोटीस तू हातात घे, प्रत्येक मुद्द्यापुढे कोण करणार अन् कधी ते लिही.

तयारीला किती दिवस लागतील विचारलंस. कागद आणि साफसफाई 2 आठवड्यांत होईल, मेडिकल अन् पाण्याच्या रिपोर्टला थोडं मागेपुढे. ट्रेमध्ये रस्सा ओतायची सवय लागायला 3 महिने धर, कारण तू नसलास की पोरं परत गंज झाकून झोपणार. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा सदर, सिव्हिल लाइन्सकडे गर्दी दुप्पट होते, त्याच्या आधी बसवून घे, गर्दीत नवीन सवय लागत नाही.

आणि ते चहापाण्याचं. जेवायला बसवू नको, पार्सल तर नकोच, त्याने तूही अवघडतो अन् समोरचा प्रामाणिक असेल तर तोही चिडतो. पाणी विचार, आपल्याकडे उन्हातून आलेल्याला विचारतोच. पण बिसलेरीची बाटली फोडून देऊ नको, ज्या जगमधून गिऱ्हाइकांच्या टेबलवर देतोस त्याच जगमधलं दे, अन् देण्याआधी तो जग आतून एकदा हात घालून पाहा, तळाशी बुळबुळीत लागतं का ते.